बाहेरचा पत्ता

"ताई, कॅप्स लॉक बघा आधी," मी म्हणालो.

"बंद आहे हो भाऊ. कालही बंदच होतं."

"मग परत पहिल्यापासून करा. सावकाश. घाई करू नका."

"मी घाई करतच नाहीये," ताई फोनवर म्हणाल्या. "हे बघा, नाव टाकलं. पासवर्ड टाकला. हिरवी खूण आली. आता माझ्या कॉम्प्युटरचं चित्र दिसतंय. त्याच्यावर दोनदा क्लिक केलं. आता सगळं काळं झालं… काळंच आहे अजून… गेलं. आले परत पहिल्या पानावर."

मी फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला होता आणि एका हातात चहाचा कप होता. समोरच्या टेबलावर आमचा नेटवर्कवाला बसला होता. त्याच्याकडे बघून मी डोळे फिरवले. तोही हसला.

"तुमच्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं जातंय ताई," मी म्हणालो.

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "उद्या परत करते."

अडीच आठवड्यांतला तो सातवा फोन होता.

एका विमा कंपनीच्या दावे तपासण्याच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं सर्व्हर सांभाळतो. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक थंडगार खोली आहे, ती माझी. गेल्या वर्षी वरून हुकूम आला की काही लोकांना घरून काम करू द्यायचं. पण लोकांच्या दाव्यांचे कागद, आजारपणाचे रिपोर्ट, हे काही कोणाच्या घरच्या कॉम्प्युटरवर जाऊ देता येत नाही. म्हणून अशी व्यवस्था केली, की प्रत्येकाचा कॉम्प्युटर खरं तर आमच्या त्या थंड खोलीतच चालायचा आणि घरी दिसायचं ते फक्त त्याचं चित्र. बाहेरून येणाऱ्याला तपासून आत सोडायला वेशीवर एक वेगळा सर्व्हर लागतो. त्याला सिक्युरिटी सर्व्हर म्हणतात. असे दोन मी बसवले.

पहिल्यावर आठ जण काम करत होते आणि त्यांची काही तक्रार नव्हती. दुसरा पुढच्या बारा जणांसाठी होता. तो बसवला तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मी स्वतःवर फार खूश होतो. आतल्या सर्व्हरची आणि बाहेरच्या सर्व्हरची ओळख करून द्यावी लागते. आतल्यावर एक पासवर्ड ठरवायचा, तो अर्धाच तास चालतो, आणि तेवढ्या वेळात तोच बाहेरच्यावर टाकायचा. पहिल्या वेळी माझे तीन प्रयत्न फुकट गेले होते. या वेळी एका फटक्यात जमलं. मग पत्त्यांचे रकाने भरले, खुर्चीत बसून लॉगिन केलं, तीन सेकंदांत पडदा उघडला. वहीत मी लिहिलं, 'चाचणी यशस्वी'. शेजारी वेळ टाकली आणि सहीसुद्धा केली. सहीची काही गरज नव्हती.

बारा जण यायच्या आधी एकाच व्यक्तीला त्या दुसऱ्या सर्व्हरवर टाकलं होतं. त्या म्हणजे नोंदणी विभागातल्या ताई.

ताई सव्वीस वर्षं नोंदणीत होत्या. त्यांनी नोंदवलेली फाइल चूक म्हणून परत आली, असं कोणी ऐकलं नव्हतं. जरा जास्तच काटेकोर, म्हणून लोक त्यांच्या मागे चेष्टा करायचे, पण अडलेला प्रत्येक जण त्यांच्याच टेबलाशी जायचा. घरी त्या आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघंच. भावाने नकाशे काढण्यात जन्म घालवला, लग्न केलं नाही, आणि आता त्याला काही आठवेनासं झालं होतं. गॅस सुरू ठेवायचा. दार उघडून चालू लागायचा आणि मग कुठे जायचं तेच विसरायचा. ताई ऑफिसला निघताना बाहेरून कुलूप लावायच्या. दुपारी शेजारीण येऊन त्याला जेवायला घालायची.

हे सगळं त्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. घरून काम करणं जमेल का, हे सांगायला साहेबांनी मला बोलावलं होतं. 'कुलूप' म्हणताना ताई खाली बघत होत्या.

"आठवड्यात करून देतो," मी म्हणालो होतो.

त्यांचा लॅपटॉप मी एकदा बदलून दिला. पासवर्ड चारदा बदलला. घरच्या इंटरनेटची वायर त्यांनी माझ्या सांगण्यावरून नवी आणली. प्रत्येक तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं, त्याची एक यादी असते. नऊच्या नऊ तक्रारींना मी 'वापरणाऱ्याची चूक' निवडलं. पहिल्या दोन वेळा मला खरंच तसं वाटत होतं. नंतर बोट आपोआप तिथे जायचं.

एकदा त्या एक वही घेऊन आल्या. "रोज काय होतं ते वेळेसकट लिहिलंय. बघाल का?"

"ठेवा. बघतो," मी म्हणालो. प्रिंटरजवळ कागदांचा गठ्ठा होता, त्याच्यावर त्यांनी वही ठेवली. नंतर वहीवर आणखी कागद आले.

महिन्याच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "त्या दुसऱ्या सर्व्हरचं काय झालं? नोंदणीतल्या बाईंचं काम का सुरू नाही?"

"सर्व्हर ठणठणीत आहे साहेब," मी म्हणालो. "खुर्ची आणि कीबोर्डच्या मधला भाग बदलून मिळाला तर बघा."

सगळे हसले. साहेबही हसले. हसणं ओसरल्यावर माझं लक्ष दाराकडे गेलं. ताई रजिस्टर घेऊन उभ्या होत्या. त्याही हसत होत्या. आपल्यावरच विनोद झालाय हे कळल्यावर माणूस लोकांची सोय म्हणून हसतो ना, तसं. मी नजर वळवली आणि पुढचा मुद्दा काढला.

साहेबांनी त्यांना सांगितलं की जमेपर्यंत रोज पूर्ण वेळ ऑफिसात येत जा. त्या येऊ लागल्या. कुलूप लावून. दुसऱ्या आठवड्यात शेजारीण कोणाच्या तरी आजारपणाला गेली होती आणि निरोप द्यायचा राहिला. भाऊ दिवसभर आत एकटा होता. संध्याकाळी ताई पोहोचल्या तेव्हा तो अजून दारावर हात मारत होता. आवाज गेला होता, तळवे सुजले होते. खालच्या मजल्यावरून कोणीतरी, शांतता ठेवा, असं ओरडूनही गेलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवसापासून ताई रजेवर गेल्या. स्वागताच्या टेबलावरच्या बाईंनी मला हे सांगितलं.

"अरेरे," मी म्हणालो. दुसऱ्याच्या घरातलं काही ऐकल्यावर म्हणतो तितपतच.

पुढच्या सोमवारी ते बारा जण दुसऱ्या सर्व्हरवर यायचे होते. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी मी घरीच होतो. बायको ड्युटीवर जायच्या गडबडीत होती. ती इस्पितळात नर्स आहे. मला वाटलं, सहज म्हणून एकदा घरून बघू. तोवर दुसरा सर्व्हर मी कधी बाहेरून उघडून पाहिलाच नव्हता. स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, हिरवी खूण आली. चित्रावर दोनदा क्लिक केलं.

काळं झालं. काळंच राहिलं. मग मी परत पहिल्या पानावर.

मी कॅप्स लॉक बघितलं. खरंच बघितलं.

ऑफिसात जाऊन मी दुसऱ्या सर्व्हरचे रकाने उघडले. तिसरा रकाना बाहेरच्या पत्त्याचा. घरी बसलेल्या माणसाचा कॉम्प्युटर तो पत्ता वाचून चित्र मागायला येतो. त्या रकान्यात मी आमच्या आतल्या जाळ्यातला पत्ता भरला होता. म्हणजे वेशीवरच्या माणसाने नाव तपासायचं, या म्हणायचं, आणि मग ज्या गल्लीत बाहेरचं कोणी शिरूच शकत नाही तिथला घर नंबर द्यायचा. मी चाचणी केली तेव्हा मी आतच बसलो होतो, त्यामुळे मला तो पत्ता लगेच सापडला. पासवर्डशी, वायरशी, ताईंच्या बोटांशी याचा काही म्हणजे काही संबंध नव्हता.

दुरुस्तीला चाळीस सेकंद लागले.

मग मी प्रिंटरजवळचा गठ्ठा उपसला आणि वही काढली. नऊ तारखा. सुबक अक्षर. '९.१२ नाव. ९.१३ पासवर्ड, हिरवी खूण आली. ९.१४ काळा पडदा. बंद.' पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. पाचव्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'हिरवी खूण येते, म्हणजे पासवर्ड बरोबर असावा. मग अडतंय ते आतल्या बाजूला तर नसेल? सर्व्हरवाल्या भाऊंना विचारणे.' पुढे त्यांनीच ते वाक्य खोडलं होतं.

मी फोन लावला.

"ताई, एकदा करून बघता का आत्ता?"

"आत्ता? थांबा हं. दादा, बस तू, मी इथेच आहे." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोडा वेळ गेला. मग त्या एकदम ओरडल्या, "उघडलं! भाऊ, उघडलं! माझ्या फायली दिसतायत सगळ्या!"

"छान," मी म्हणालो.

"पण मी आज वेगळं काय केलं?"

सांगायची वेळ तीच होती. नेटवर्कवाला समोर बसला होता, तेही खरं. पण तो नसता तरी मी सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

"आज बरोबर केलंत," मी म्हणालो.

"म्हणजे इतके दिवस मीच…" त्या म्हणाल्या.

"होतं असं, ताई."

"किती त्रास दिला हो तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि माझे आभार मानले.

मी मनाशी म्हटलं, चला, मिटलं. बाईंचं काम सुरू झालं, भावाजवळ राहता येईल, आता कोणाचं काय बिघडलं? सोमवारी बारा जण दुसऱ्या सर्व्हरवर आले. एकाचीही तक्रार आली नाही. साहेबांनी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

त्या फोननंतर अकरा दिवसांनी एका कागदावर माझी सही हवी होती, म्हणून साहेबांनी बोलावलं.

"नोंदणीतल्या बाई मुदतीआधी निवृत्ती घेतायत," ते म्हणाले. "त्यांचं खातं बंद करायची तयारी ठेवा."

"का? काम तर सुरू झालं होतं."

साहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. चारच ओळी होत्या. 'माझ्या हातून वारंवार चुका होत आहेत व त्या माझ्या लक्षातही येत नाहीत. लोकांच्या दाव्यांची जबाबदारी अशा स्थितीत घेणे मला योग्य वाटत नाही.'

"बरंच झालं म्हणा," साहेब म्हणाले. "भावाचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. घराण्यातच असेल."

मी सही करून बाहेर आलो. माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. खोली थंड असते, पण माझे कान तापले होते. बाईंना वाटत होतं की भावाचा आजार त्यांनाही लागला. आणि त्यांना तसं वाटावं असं त्यांच्या आयुष्यात एकच घडलं होतं. तेही मी घडवलं होतं, तीन शब्दांत.

घरी बायको नुकतीच ड्युटीवरून आली होती, पाय वर घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. आधी जरा सावरून सांगायला लागलो, दोन्ही सर्व्हरचे पत्ते कसे सारखे दिसतात वगैरे.

"ते पत्त्याचं राहू दे," ती म्हणाली. "तुला कळल्यावर तू त्यांना काय म्हणालास?"

मी सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली आहेत, तिने माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं. "आमच्या वॉर्डात चुकीचं औषध गेलं ना, तर आधी पेशंटच्या कागदावर लिहावं लागतं," ती म्हणाली. "रडायचं, घाबरायचं, ते सगळं नंतर. आणि तू अकरा दिवस घरी येऊन जेवतोयस, झोपतोयस. मला पत्तासुद्धा नाही."

"आता काय करू?"

"ते मला विचारतोस?" ती उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईंच्या घरी गेलो. दुसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. कडीला कुलूप लोंबत होतं, किल्ली त्यातच होती. भाऊ खिडकीशी टेबलावर बसून पट्टी धरून रेघा ओढत होता. कागद भरला की उलटायचा आणि मागून परत ओढायचा. त्याने मान वर करून विचारलं, "मोजणी झाली का?"

"झाली दादा," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लॅपटॉप न्यायला आलात का? शुक्रवारी मी आणून देणारच होते."

"नाही. एक सांगायचं होतं."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर कदाचित मी गोष्ट लांबवली असती. रकाना, पत्ता, चाळीस सेकंद, सगळं. तुमची चूक एकदाही नव्हती, एकाही दिवशी नव्हती, असंही म्हणालो. त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"उघडलं त्याच दिवशी. तुम्हाला फोन करायच्या आधी."

"आणि मी विचारलं होतं, मी वेगळं काय केलं."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "तेव्हापासून रोज सकाळी उठले की मी आधी तारीख म्हणते," त्या म्हणाल्या. "मग वार. मग ऑफिसातल्या सगळ्यांची नावं, टेबलांच्या क्रमाने. तुमचंही म्हणते. एखादं पटकन आठवलं नाही की परत पहिल्यापासून सुरू करते. मला काही झालं तर याचं काय, एवढंच डोक्यात. परवा डॉक्टरकडे जाऊन आले. उद्या रिपोर्ट मिळेल."

"ताई, मला…"

"माफी मागू नका इथे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "इथे आम्ही दोघंच आहोत, आणि त्यातल्या एकाला तुम्ही कोण तेही माहीत नाही. त्या दिवशी बैठकीत सगळे हसले होते ना? त्यांना सांगा."

दोन दिवसांनी महिन्याची बैठक होती, तिथे मी सांगितलं. विषयांच्या यादीत ते नव्हतं, मी मध्येच हात वर केला. चूक माझी होती, बाई पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होत्या, मी त्यांची वही वाचली नाही, आणि कळल्यावर त्यांच्याशी खोटं बोललो. शेवटचं वाक्य तोंडातून निघायला वेळ लागला. मला वाटलं होतं आता काहीतरी होईल. कोणी बोलेल, शिव्या तरी घालेल.

"आता चालतंय ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग झालं तर. पुढचा विषय."

नेटवर्कवाला टेबलाखाली फोन बघत होता. हिशोबनीस म्हणाला, "अहो, होतं असं," आणि ते माझेच शब्द माझ्याच कानांवर आले. त्या दुपारी मी नऊही तक्रारी परत उघडल्या. यादीत 'माझी चूक' असं कारणच नव्हतं. मग शेऱ्याच्या जागी नऊ वेळा तेच टाइप केलं, खाली नाव घातलं. अर्ज मागे घेता येईल का, हेही साहेबांना विचारून आलो. बाईंनी एक ओळ लिहून दिली तर घेता येईल, असं ते म्हणाले.

शुक्रवारी ताई लॅपटॉप घेऊन आल्या. भावाला घरी एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून सोबत आणलं होतं. इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं. त्याला मी माझ्या खुर्चीत बसवलं. तो सर्व्हरचे हिरवे दिवे बघत राहिला.

"रिपोर्ट आला," ताई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, तुमचं डोकं अगदी व्यवस्थित आहे. उगाच कसली काळजी करता?"

"मग ताई, अर्ज मागे घ्या. साहेब तयार आहेत. एक ओळ लिहायची फक्त. घरूनच काम करा, आता काही अडणार नाही."

"अडेल हो," त्या म्हणाल्या. "यंत्र आहे, कधीतरी अडणारच. मग मी फोन कोणाला करू?"

मी वस्तूंची यादी पुढे ओढली. त्या सही करायला पेन शोधू लागल्या. लॅपटॉप, चार्जर, माउस, बॅग, मी एकेका वस्तूपुढे खूण केली. त्यांनी सही केली. मग त्यांच्यासमोर त्यांचं खातं बंद करावं लागलं, नियमच तसा आहे. 'नक्की बंद करायचं का?' असं पडद्यावर आलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"करा," त्या म्हणाल्या. मग भावाच्या खांद्याला हात लावला. "चल दादा."

दारापर्यंत मी गेलो. लिफ्टशी भाऊ अडून बसला, आत पाय टाकेना. "बरं, जिन्याने जाऊ," ताई म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात कठड्यावर ठेवून दिला, दुसरा आपल्या हातात घेतला. तो पायऱ्या मोजत उतरू लागला. वळणावरून ते दिसेनासे झाले, आवाज येत राहिला.

"सात, आठ, नऊ, बारा…"

"दहा. नऊनंतर दहा."

"दहा. अकरा. चौदा…"

"बारा, दादा. परत म्हणू या. एक."

"एक."

नेटवर्कवाल्याने मागून हाक मारली, कुणाचा तरी फोन आला होता म्हणून. मी हातानेच थांब म्हटलं. ते अजून दुसऱ्या मजल्यावरही पोहोचले नव्हते. खालून परत एक, दोन, तीन सुरू झालं होतं, आणि ताईंचा आवाज पहिल्या वेळी होता तसाच होता.